बंदरावरचा दिलदार साहेब

चि. मुग्धास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ऑफिसातल्या दोन जागा मुलाखतीशिवाय भरल्या, आता बिलांवरून कुजबुज सुरू आहे आणि तू विचारतेस, "बाबा, साहेब खात असेल का हो?" इथे डोंबिवलीत बसून मी काय सांगणार! पण गोदीच्या लेखा विभागात उभा जन्म काढलेला माणूस तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतो. आधी बघायचं, पैसा कुणाच्या हातातून जातो आणि त्या हातावर नजर कुणाची आहे.

तू सिडनीत फेरीबोटीतून किनाऱ्यावरचे पॉइंट पायपरचे बंगले बघतेस ना, ते नाव ज्याचं, तो कॅप्टन जॉन पायपर तुमच्या सिडनी बंदराचाच अधिकारी. १८१४ मध्ये रुजू झाला. हुद्दा नेव्हल ऑफिसर, पण आरमाराशी संबंध नाही. काम जकात, दारूवरचा कर, बंदराची फी वसूल करायचं. दीपगृहं आणि बंदरावरचे पोलीसही त्याच्याच हाताखाली. माणूस पलटणीतला, हिशेबातला नव्हे. आणि मोबदला काय, तर वसुलीवर टक्केवारी! आपल्याकडे ती टेबलाखालून घेतात, त्याला ती सरकारनेच देऊ केली होती. वसाहत वाढली, जहाजं वाढली, तशी त्याची कमाई वर्षाला ४००० पौंडांच्या वर गेली. मग हेन्रिएटा व्हिला नावाचा महाल, मेजवान्या, स्वतःचा वाद्यवृंद. १८२५ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्सचा अध्यक्षही तोच.

१८२७ मध्ये त्या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर डार्लिंग याने दप्तर तपासायला लावलं, तर जकातीच्या खात्यात सुमारे १२००० पौंडांची तूट. पायपर निलंबित. तो होडी घेऊन बंदराच्या मुखाशी गेला आणि वादकांना वाजवत ठेवून पाण्यात उडी मारली, असं सांगतात. खलाशांनी ओढून बाहेर काढलं. पुढे मालमत्ता विकून बाथर्स्टला शेती करत राहिला.

चोर होता का? बहुतेक नाही. त्याने पैसे लाटल्याचं कुणी म्हटलेलं दिसत नाही. व्यापारी सगळे ओळखीचे, संध्याकाळी पंगतीला बसणारे; त्यांच्याकडे वसुलीचा तगादा कोण लावणार? "देतील हो, घरचेच आहेत" म्हणत थकबाकी साचत गेली. आमच्याकडेही असे दिलदार साहेब होऊन गेले. सगळ्यांचे लाडके, आणि तसलमातीचा, म्हणजे आगाऊ उचललेल्या पैशांचा, हिशेब महिनोन्‌महिने अडकलेला. मला तरी चिरीमिरीवाल्यापेक्षा यांचीच धास्ती जास्त वाटायची. चिरीमिरीवाला निदान कागद नीट ठेवतो!

पण पायपरवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. वसुली त्याची, कमिशन त्याचं, दप्तर त्याचं, आणि तेरा वर्षं वरच्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलेलं. अशी नेमणूक करणाऱ्याला कुणी निलंबित केलं नाही.

तेव्हा तू कँटीनमधल्या गप्पांत पडू नकोस. साहेबाच्या गाडीचं मॉडेल मला कळवू नकोस. दुसऱ्याच्या बिलावर "नंतर बघू" म्हणून सही करू नकोस. मागितलीच तर काय तपासलंस तेवढंच लिहून सही कर. त्या दोन जागांची जाहिरात निघाली होती का, अर्ज आले होते का, निवड कुणी केली, एवढं सरळ लेखी विचार. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर फोन कर, पुढचं पत्र कुणाला घालायचं ते दोघं मिळून ठरवू.

तुझे,
बाबा