गाडीचे ‘पीएस’ छापता, वजनही छापा

माननीय संपादक,
स. न.

नव्या गाडीची ओळख करून देताना वृत्तपत्रांची वाहनविषयक पाने पहिल्याच ओळीत ‘पीएस’चा, म्हणजे इंजिनाच्या अश्वशक्तीचा आकडा देतात. शोरूममध्ये शिरणारा तरुणही तोच आधी विचारतो. चालवण्याच्या आनंदासाठी छोटी गाडी घ्यायची असेल, तर निदान मराठवाड्यात या आकड्याला इतका मान देण्याचे कारण नाही.

समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ८० पीएसची हॅचबॅकही तेवढा वेग गाठते आणि त्यापुढची ताकद वापरायला जागा उरत नाही. गाडीचा खरा कस लागतो तो कन्नडच्या औट्रम घाटात आणि दौलताबादहून खुलताबादकडे चढणाऱ्या रस्त्यावर. तिथली वळणे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, तीस ते साठच्या वेगात घ्यावी लागतात. अशा ठिकाणी कामाला येतात ते गाडीचे कमी वजन, नेमके स्टिअरिंग आणि भरवशाचे ब्रेक.

हिशेब करून पाहा. २०२४ ची स्विफ्ट सुमारे ८२ पीएस आणि ९२० किलोची, म्हणजे टनामागे ८९ पीएस. ११५ पीएसची, १२८० किलोची एसयूव्ही घेतली तर टनामागे ९०. सरळ रस्त्यावर दोघी सारख्याच. वळणात मात्र वरचे ३६० किलो गाडीला बाहेर ओढतात आणि त्यांचा भार पुढच्या टायरांवर व ब्रेकवर येतो. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली, ती याच विचारातून: १६०० सीसीचे इंजिन, जेमतेम टनभर वजन, मागच्या चाकांना ओढ. ही गाडी जगभर दहा लाखांहून जास्त खपली. ती आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नाही, पण तिच्यामागचा विचार आपल्यालाही लागू पडतो.

टर्बो इंजिन, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे इंजिन, वाईट नाही. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनचे १२० पीएस आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक ही उत्तम जोडी आहे. मात्र चढावरच्या तीव्र वळणात इंजिन १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली आले की टर्बो क्षणभर गप्प बसतो आणि मग एकदम ओढतो. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाला ३५०० आरपीएमच्या वर फिरते ठेवावे लागते, गिअर सारखे बदलावे लागतात. आनंद त्यातच आहे, म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्सच घ्यावा.

टेस्ट ड्राइव्ह जालना रोडच्या गर्दीत घेऊन काहीच कळत नाही. वळणांचा आणि थोडा उखडलेला रस्ता मागा. दुसऱ्या गिअरमध्ये २५च्या वेगापासून ओढ पाहा. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ८० वरून जोरात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला खेचली जाते का ते लक्षात घ्या. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक मध्यावर यायला हवे. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हात आकसतात आणि त्यांना लाटा पडतात. अशा लाटेवरून गाडी एका उसळीत सावरली पाहिजे. दोन-तीन वेळा डोलत राहिली तर सस्पेन्शन आपल्या रस्त्यांसाठी मऊ आहे.

जास्त पीएसची गाडी न घेतल्याने वाचलेले पैसे इंजिनाच्या रिमॅपवर, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकातील आज्ञावली बदलण्यावर, घालवू नयेत. त्याने वॉरंटी धोक्यात येते आणि वाढलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) क्लच घसरू लागतो. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे तर त्याहून वाईट: उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या रस्त्यावर सस्पेन्शन तळाला आदळते, स्ट्रट माउंट आणि लिंक रॉड हे तिचे भाग लवकर जातात. पैसा टायरवर घाला. १८५/६५ आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचात) च्या जागी १९५/६० आर १५ बसवले तर चाकाचा व्यास जेमतेम एक टक्का घटतो, स्पीडोमीटर जवळपास बरोबर राहतो आणि पकड सुधारते. फक्त रिमची रुंदी चालते का ते आधी विचारा. टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडेही वाचा. ‘३२२४’ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. मे महिन्यात हवा कमी असलेला टायर काँक्रीटवर जास्त तापतो आणि फुटतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच. ते हवेतला ओलावा शोषते, घाट उतरताना तापून त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते.

आपणास विनंती एवढीच, की गाडीच्या माहितीच्या चौकटीत पीएसशेजारी रिकाम्या गाडीचे वजन, टायरचा आकार आणि मागचे ब्रेक डिस्क आहेत की ड्रम, हेही छापावे. जाहिरातीत वजन नसेल तर ते त्याच मॉडेलच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मिळते.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर