रक्तक्षय हटत नसेल तर सिलिॲकची तपासणी हवी

माननीय संपादक महोदय,

लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, तेव्हा आपल्याकडे गोळी बदलली जाते, कारण मात्र शोधले जात नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडले. तिला जुलाबाचा त्रास नव्हता, त्यामुळे सिलिॲकचा, म्हणजे ग्लुटेनमुळे बळावणाऱ्या आतड्याच्या आजाराचा, विचार कोणाच्या मनात आला नाही.

गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे सिलिॲकच्या रुग्णांच्या लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते आणि लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व, प्रसंगी ब-१२ही नीट शोषले जात नाही. निदानासाठी रक्तातील टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारी प्रतिपिंडे) आणि एकूण आयजीए तपासतात, तर अनेकदा दुर्बिणीतून आतड्याचा नमुनाही घेतात. शंका येताच पाव-चपाती सोडून मग चाचणीला जाण्याची घाई मात्र करू नये, कारण ग्लुटेन बंद केल्यावर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

शीत-कढी (भात-कढी) आणि पेजेच्या गोव्यात हे ग्लुटेन टाळण्याचे पथ्य सोपे वाटते खरे. पण पोदेर (पाववाला) दारात आणतो ती पोई, म्हणजे गोव्याचा पाव, गव्हाची, आणि डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते, म्हणजे नुसत्या भाताबरोबरची आमटीही फोडणीपाशी अडते. शिवाय पथ्य सुरू झाले तरी शरीरातील लोह-जीवनसत्त्वांचे साठे लगेच भरत नाहीत. जीवनसत्त्वांची पातळी पुन्हा तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पूरक गोळ्यांची मात्रा ठरवावी लागते.

आरोग्य खात्याने उपचारांना दाद न देणाऱ्या रक्तक्षयाच्या रुग्णांसाठी ही रक्तचाचणी तालुका पातळीवर उपलब्ध करावी, ही विनंती.

— एक वाचक, फोंडा