फळ्यावरचं मराठी

दादर, मुंबई

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "सिस्टरांच्या निरोपसमारंभाचं एवढं काय गं?" कुकर शिट्ट्या देत होता म्हणून मी फोन ठेवला. आता सांगते.

या नन सिस्टर गुरुवारी संध्याकाळी आम्हाला थिऑलॉजी, म्हणजे देवाधर्माचा अभ्यास, शिकवायच्या. तो वर्ग तुला आठवत असेल तो मागच्या बाकावरच्या रंगीत खडूंपुरता. घरी कुणी नसायचं, म्हणून तुला बरोबर न्यायची. आम्ही पंधरावीस जण, ऑफिस सुटल्यावर आलेले. बँकेतले, दोघी नर्स, एक बेस्टचे कंडक्टर. थिऑलॉजी सेमिनरीत फादर व्हायला शिकणाऱ्या मुलांनी शिकायची, अशीच आमची समजूत. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी फळ्यावर ग्रीक शब्द लिहिला, स्प्लांख्ना. म्हणजे आतडी. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बापाला पोरगा लांबून दिसतो आणि त्याला कळवळा येतो ना, तिथलं मूळ क्रियापद या आतड्यांवरून आलेलं. सिस्टरांनी विचारलं, "पोर उपाशी झोपलं तर तुमची आजी काय म्हणते?" कंडक्टरकाका मागून पुटपुटले, "आतडं तुटतं." सिस्टरांनी तेच ग्रीक शब्दाच्या बरोबर खाली लिहिलं. भांडी घासता घासता बोलायचं आपलं मराठी असं फळ्यावर! गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत रचलेलं, ख्रिस्ताची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण १६१६ सालीच छापलं गेलं होतं, पण ते आम्हाला कुठे ठाऊक? तेही सिस्टरांनीच सांगितलं.

तशा त्या कडक. उशीर झाला की नुसत्या घड्याळाकडे बघायच्या. माझे निबंध तर लाल शाईने भरून परत यायचे, तेव्हा रागही यायचा.

पण २००६ चा जुलै मी विसरणार नाही. मंगळवारी, ११ तारखेला, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. गुरुवारी वर्गात जेमतेम सातआठ जण. एका नर्सने बसायच्या आधीच विचारलं, "देव कुठे होता, सिस्टर?" मला वाटलं, आता व्याख्यान. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "मला माहीत नाही." मग तेरावं स्तोत्र काढून सावकाश वाचलं. सुरुवातीलाच चार वेळा 'किती काळ' विचारणारं ते स्तोत्र. "हा प्रश्न बायबलमध्येच आहे, तेव्हा विचारायला घाबरू नका," एवढंच बोलल्या आणि त्या नर्सशेजारी बाकावर जाऊन बसल्या. तू तेव्हा झोपला होतास. बाबांची गाडी त्या मंगळवारी चुकली होती, म्हणून ते घरी आले, हे तुला कधी सांगितलंच नाही.

आता सगळ्यांनी एकेक पान लिहून वही करायची ठरलीय. सिस्टरांना हल्ली नीट दिसत नाही, म्हणून पानं मोठ्याने वाचायची आहेत. माझं पान तू वाच. माझा आवाज दुसऱ्या ओळीलाच बसेल. आणि हो, वाचताना घाई करू नकोस, त्यांना चालत नाही.

रविवारी सकाळची डेक्कन क्वीन धर, दादरला उतर. डबा मी आणते.

तुझी,
आई