बाबा, ते लाकूड टाकू नका

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आपल्या जुन्या गाडीचा विषय निघाला आणि बाबांनी नेहमीसारखं 'बघू' म्हणून फोन आईकडे दिला. म्हणून लिहून पाठवते. कागदावर तरी मला मध्येच कुणी तोडणार नाही. बाबा, जुना अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड काढून हुबेहूब तसाच नवा करून घ्यायचा बेत थोडा थांबवा. गाडी मला द्यायची म्हणता, तर आतल्या कामात माझंही जरा चालू द्या.

मागे आपण स्पीडोमीटरची क्रोमची कड काढली होती, तेव्हा तिच्याखालचं लाकूड कसं गडद, चॉकलेटी निघालं ते आठवतंय ना? बाहेरचं सगळं पिवळट पडलेलं. बहुतेक लाकडं उन्हानं काळवंडतात, अक्रोडाचं मात्र उलट, ते फिकं होतं. म्हणजे लाकूड मेलेलं नाही, वरचं पॉलिश मेलंय. भेगा दिसतात त्याही बऱ्याचशा पॉलिशच्याच आहेत. बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचा वरचा भाग 70 अंशांच्याही पुढे तापतो, रात्री निवतो, पुन्हा तापतो. इतकी वर्षं हे चाललं तर कुठलं पॉलिश टिकेल?

आधी एवढंच करा. डॅशबोर्डमधल्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाची आतली कड घ्या, जिथे कुणाची नजर जात नाही, आणि कापसाच्या बोळ्यानं थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर ते चपडी लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही तर थिनर लावून बघायचं. त्यानं विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काहीच झालं नाही तर अलीकडचं कडक व्हार्निश, आणि ते उतरवायला वेगळं औषध लागतं. पण पॉलिश पेपर कृपा करून हातात घेऊ नका. मशीनचा तर प्रश्नच नाही! वरचं अक्रोड म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा, खाली साधं प्लायवूड. एकदा आरपार गेलं की मग खरंच नवीन करावं लागेल आणि तुमचंच खरं ठरेल. डाव्या कोपऱ्यात पापुद्रा सुटलाय, तिथे सुईनं सरस सोडून, वर मेणकागद ठेवून शिकंजा लावायचा. त्या काळी हाडांचा सरस वापरला असेल तर ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवली तरी तो परत धरतो. हे मी आल्यावर करू.

वरच्या काळ्या रेक्झिनच्या पट्टीबद्दल माझा एवढा हट्ट नाही. ती कडक होऊन तडकलीय, कारण तिला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हानं उडून गेलंय. आई, काचेवर आतून धुकट थर बसतो आणि तू पुसून पुसून कंटाळतेस ना, तो बराचसा तोच. बाबा जो चकचकीत स्प्रे मारतात त्यानं ते द्रव्य परत येत नाही, फक्त चमक येते. त्यातलं सिलिकॉन मात्र आजूबाजूला बसतं आणि पुढे रंग किंवा पॉलिश लावलं की त्यात बारीक खळगे पडतात. तेव्हा ती बाटली माळ्यावर. पट्टी नवीन घालू, माझी ना नाही.

स्टिअरिंगच्या चाकाचं मात्र माझं ठरलंय. भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या थोड्या रुंद करायच्या, दोन भाग मिसळून घट्ट होणारा इपॉक्सी भरायचा, घासायचा आणि तेवढ्यापुरता रंग द्यायचा. पण वरच्या बाजूला जिथे हात धरून धरून गुळगुळीत झालंय तिथे काही करायचं नाही. गाडी तुमच्यापेक्षा आईनं जास्त चालवली आहे, बाबा, ते घासलेपण तिचं आहे. तुम्हाला हे भाबडं वाटेल. मग नियम ऐका: जुन्या गाड्यांच्या संघटनांचा जागतिक महासंघ आहे, फिवा, 1966 सालापासूनचा. त्यांची ट्यूरिन सनदही हेच सांगते की जे टिकवता येतं ते आधी टिकवा, आणि जे कराल ते पुन्हा मागे घेता येईल असं करा.

मीटरकडे येते. पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवतात म्हणून तुम्ही दोन्ही मीटर बदलायला निघालात. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत या दोन्हींना मिळून मागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो, जो बॅटरीच्या 12 व्होल्टमधून सरासरी 10 व्होल्टच पुढे देतो. दोन्ही काटे एकत्र चढले की आधी संशय त्याच्यावर, आणि त्याच्याही आधी त्याच्या अर्थिंगच्या जोडणीवर. गंज खरवडून स्क्रू आवळला की कधी कधी तेवढ्यावर भागतं. स्पीडोमीटरचा काटा थरथरतो ती बहुधा कोरडी पडलेली केबल. तिला ग्रीस अगदी पातळ, आणि मीटरकडचं टोक कोरडंच ठेवायचं, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये जातं.

घड्याळ मात्र उघडू नका. जुन्या काही डायलवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग लावलेला असे. आता चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं नाही. चमकणारी पूड थकते, पण रेडियमचं अर्धआयुष्य 1600 वर्षांचं आहे. खरवडलं तर धूळ श्वासात जाते. कार्पेटखालच्या आणि बॉनेटकडच्या जुन्या थरांनाही हात नको, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि बाबा, डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून शिरायचं नाही. तुमच्या पाठीबद्दल मी फोनवर काही बोलत नाही, पण आई बोलते.

सीटा, दारांचे पुठ्ठे आणि कार्पेट यांची घाई नको. पुठ्ठे फुगलेत ते दारात उतरणाऱ्या पाण्यानं. आतला प्लास्टिकचा पडदा फाटलाय. पुढच्या काचेचं रबरही गळतंय. ते आधी. पाणी थांबल्याशिवाय नवीन कार्पेट घालणं म्हणजे गळक्या हंड्याला कल्हई करण्यासारखं. आई, ड्रायव्हरच्या सीटवरची तुझी उशी तोवर राहू दे. स्प्रिंगा नंतर बघू. जुनी कव्हरं उसवली तरी फेकायची नाहीत, नवीन कापड बेतायला तीच लागतात. रंग कुठला हे तुम्ही दोघं ठरवा. मला मेहंदी हिरवा आवडेल, पण भांडणार नाही.

मी येईपर्यंत बॅटरीची तार काढून ठेवा, कारण अँपमीटरच्या मागे मोठा प्रवाह असतो आणि बाबांना मध्येच पान्हा घालायची सवय आहे. आई, वायरी सोडण्याआधी तू मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढ आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांध, ती कुठून निघाली हे लिहून. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. बाबांनी सगळे एकाच डब्यात टाकले तर मला लगेच कळव.

तुमची,
धाकटी