झेरॉक्सच्या दुकानात साठलेलं आपलं आधार पुसणार कोण?

मा. संपादक,

सायबर सुरक्षेबद्दल जिकडे बघावं तिकडे एवढंच असतं, ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. मध्यंतरी तर फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात हेच ऐकावं लागायचं, मग फोन कितीही अर्जंट असो. चुकीचं काही नाही त्यात. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात लोकांची माहिती फोनमधून बाहेर जाते ती कुणी हॅकर बसलाय म्हणून नाही, लोक ती स्वतःच पाठवतात, दिवसाढवळ्या, झेरॉक्सच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून हे पत्र.

पद्धत सगळ्यांना माहितीये. काउंटरच्या काचेवर मोठ्या अक्षरात नंबर चिकटवलेला असतो, आपण तिथेच उभं राहून आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, रेशनकार्ड जे काय असेल ते त्यावर पाठवायचं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब कायम उघडं असतं, पोरगा फाइल डाउनलोड करतो, प्रिंट काढतो, आपण पैसे देऊन निघतो. प्रिंट आपल्या हातात, फाइल त्याच्याकडे. एक चॅटमध्ये, एक डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आणि दुकानाच्या मोबाइलवर ऑटो डाउनलोड चालू असेल तर तिसरी तिथल्या गॅलरीत.

मागे भाच्याचं हॉल तिकीट काढायला गेले होते तेव्हा मॉनिटर गिऱ्हाइकाकडेच तोंड करून ठेवलेला. पोरगा माझा मेसेज शोधत यादी वर-खाली करत होता आणि रांगेतल्या आम्हा सगळ्यांना सगळं दिसत होतं, कुणाचा सातबारा, कुणाचं आधार, कुठल्याशा बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, एका मुलीचे पासपोर्ट साइजचे फोटो आणि वर तिचा नंबर. डाउनलोडचा फोल्डर उघडला तर व्हॉट्सअ‍ॅप इमेज, व्हॉट्सअ‍ॅप इमेज अशा नावाच्या फाइली खाली जातच राहिल्या. मी विचारलं, हे सगळं डिलीट कधी करता? तर म्हणाला, "ताई, गर्दीत कुठं वेळ मिळतोय, कॉम्प्युटर लई स्लो झाला की फॉरमॅट मारतो." तेवढ्यात मागचे एक काका म्हणाले, "अरे माझं आधार परत पाठवायला लावू नको, मागच्या महिन्यातलं असंल बघ तुझ्याकडं." आणि होतं की! दोन मिनिटांत काढून दिलं. म्हणजे आपणच त्या दुकानाचा लॉकर करून ठेवलाय, फक्त किल्ली कुणाकुणाकडे आहे ते आपल्याला माहीत नाही. त्या पोरावर माझा राग नाही, तो बिचारा सकाळी नऊपासून उभा असतो, पण उद्या तो नोकरी सोडून गेला किंवा दुकानदाराने जुना कॉम्प्युटर विकला तर त्या हार्ड डिस्कचं काय, हे कुणीच कुणाला विचारत नाही.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले तेव्हाची गर्दी आठवा. दोन कोटींच्या वर बायकांना त्या योजनेचे पैसे मिळाले, त्यातल्या कितीजणींची कागदपत्रं अशा दुकानांतून फिरली असतील याचा हिशोब कुठे असणार! मग २०२५ मध्ये ई-केवायसी आलं, त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही लागला, म्हणजे एकाच काउंटरवर दोघांचे नंबर आणि दोघांचे ओटीपी. ओटीपी सांगू नका म्हणणारी जाहिरात एकीकडे आणि "ओटीपी आला का वहिनी, बोला लवकर, साइट बंद पडंल" दुसरीकडे.

यावर लोक म्हणतात, आधारचा नंबर कळून कोण काय करणार, आमच्या खात्यात आहेच काय. थोडं सविस्तर सांगते. गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात ना, ती एईपीएस नावाची सोय. तिला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर काम होतं. २०२३ मध्ये कर्नाटकात दस्त नोंदणीच्या सरकारी पोर्टलवरून खरेदीखतं डाउनलोड करून त्यावरचे ठसे उचलून लोकांची खाती साफ केल्याची प्रकरणं निघाली होती. म्हणजे ठसासुद्धा कागदावरून मिळतो आणि कागद तर आपण फोटो काढून वाटत सुटलोय. आधारच्या प्रतीवर दुसऱ्याच्या नावाने सिम काढण्याचे प्रकार तर जुनेच आहेत. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर टाकून दोन मिनिटांत कळतं, नियमाने एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ चालतात, आणि आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथूनच कळवून बंद करता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नंबरवरून हे एकदा नक्की बघा, कारण त्यांच्या कागदांची झेरॉक्स सगळ्यात जास्त फिरते.

ठशांना कुलूप लावायची सोयसुद्धा आहे, आधारच्या अ‍ॅपमध्ये किंवा साइटवर बायोमेट्रिक लॉक म्हणून पर्याय आहे, तो चालू केला की अंगठ्यावर व्यवहार होत नाही. पण यात एक गोम आहे ती कुणी सांगत नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनलाही तोच अंगठा लागतो, लॉक उघडायला विसरलात तर रांगेत नंबर लागूनही धान्य न घेता परत. त्यामुळे ज्यांचं रेशन, पेन्शन अंगठ्यावर चालतं त्यांनी घरातल्या कुणाला तरी उघड-बंद शिकवून ठेवावं, मगच लॉक लावावा.

आता मास्क्ड आधार. यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात, आधारच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, आणि सायबर कॅफेसारख्या ठिकाणी डाउनलोड केलंत तर त्या कॉम्प्युटरवरची प्रत कायमची डिलीट करा. एवढं शहाणपणाचं पत्रक दोनच दिवसांत मागे घेतलं, का तर लोकांचा गैरसमज होईल! नेहमीची काळजी घ्या एवढं सांगून मोकळे झाले. नेहमीची म्हणजे कुठली हो? आज लॉजवर, सोसायटीच्या गेटवर, कुरिअरच्या ऑफिसात मास्क्ड आधार दाखवलं की समोरचा म्हणतो हे चालत नाही, पूर्ण नंबरचं आणा. योजनेचे पैसे खात्यात यायला पूर्ण नंबर लागतो हे मान्य, पण एका रात्रीच्या खोलीला कशाला लागतो ते कुणीतरी समजावून सांगावं.

आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, हे प्रत्येक झेरॉक्सवाल्याला पाठ आहे, तो आपल्याला विचारतो ते फक्त जन्मसाल.

मग प्रिंट काढायचीच नाही का? काढा ना. पण मूळ कार्ड घरी असेल तर ते घेऊन जा आणि मशीनवर समोर झेरॉक्स काढून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा संबंधच नको. पाठवायचंच असेल तर आधी फोनमधल्या एडिटमध्ये जाऊन फोटोवर आडवं लिहा, फक्त अमुक कामासाठी, आणि तारीख टाका, आपले जुने लोक झेरॉक्सवर पेनाने लिहून सही करायचे तसंच. प्रिंट निघाली की तिथेच उभं राहून डाउनलोडमधली फाइल डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही, मागच्याला पाच सेकंद थांबावं लागलं तर लागू दे. मग आपल्या फोनवरून तो मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन करा, दोन-अडीच दिवसांपर्यंतच ते करता येतं, आणि त्याने चॅटमधला मेसेज जातो, कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत जात नाही, म्हणून आधी कॉम्प्युटरवरची प्रत आणि मग मेसेज. काहीजण हुशारी म्हणून व्ह्यू वन्स, म्हणजे एकदाच बघता येईल असं करून पाठवतात, त्याचा इथे उपयोग नाही, तो फोटो वेबवर उघडत नाही आणि प्रिंट काय निघणार!

आपल्या स्वतःच्या फोनचं म्हणाल तर गॅलरीतच सगळ्यांची कागदं पडलेली असतात, वाढदिवसाचा केक, त्याच्या शेजारी पॅनकार्ड, आणि कुठलं तरी फोटो सजवायचं अ‍ॅप घेतलं की ते सगळ्या फोटोंची परमिशन मागतं आणि आपण अलाव दाबतो. अँड्रॉइड १४ पासून निवडलेलेच फोटो दाखवायचा पर्याय येतो, आयफोनला आधीपासून आहे, तो निवडा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायचा अधिकारच नाही, रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच तसं बजावलंय, तरी एखादं अ‍ॅप मागत असेल तर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

ग्रुपचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ओळखीतल्या एका शाळेच्या पालक ग्रुपवर मेसेज आला, सर्वांनी मुलांचं आधार आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकावं. शंभरेक पालकांच्या ग्रुपवर! पटापट सगळ्यांनी टाकलंसुद्धा, मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, आणि ज्यांच्या फोनला ऑटो डाउनलोड चालू त्यांच्या गॅलरीत वर्गातल्या सगळ्या पोरांची कुंडली जमा. बाईंचाही नाइलाज असतो, वरून सांगितलेलं असतं आज भरून द्या, पण कागद हातात घेता येतो की, नाहीतर बाईंच्या नंबरवर वेगळा पाठवायला सांगता येतो. पालकांपैकी एकानेही विचारलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

कायदा नाही असंही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य अटी लागू व्हायला अजून १८ महिन्यांची मुदत दिली. काम संपलं की माहिती पुसून टाका असं त्यात आहे, दंड २५० कोटींपर्यंत आहे, मुलांच्या माहितीला पालकांची संमती पाहिजे असंही आहे. छान आहे सगळं, पण हे मोठमोठ्या कंपन्यांकडे बघून लिहिलंय. बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याला २५० कोटी सांगितले तर तो हसेल.

त्यापेक्षा सोपं काम जिल्हा प्रशासनाने करावं. आपले सरकार सेवा केंद्रांवर दरपत्रक लावायची सक्ती आहे ना, त्याच बोर्डवर अजून दोन ओळी टाकायच्या, प्रिंट झाल्यावर फाइल गिऱ्हाइकासमोर डिलीट केली जाईल आणि मॉनिटर गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवला जाणार नाही. खासगी झेरॉक्सवाल्यांना सक्ती करता येणार नसेल तर त्यांच्या संघटनेला बोलवून सांगावं, आमच्या इथल्या एका दुकानदाराने नुसतं सांगितल्यावर मॉनिटर फिरवला आणि रोज रात्री शटर ओढायच्या आधी फोल्डर रिकामा करायला लागला, म्हणतो कॉम्प्युटरही फास्ट चालतोय. शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांना एक ओळीचं पत्र काढावं की ग्रुपवर कागदपत्रं मागवू नयेत. आणि आपल्या पेपरने दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात, प्रवेशाची गर्दी सुरू व्हायच्या आधी, मास्क्ड आधार कसं काढायचं ते स्क्रीनच्या फोटोंसकट अर्धं पान छापावं, लोक ते पान कापून ठेवतील.

आपली,
एक नियमित वाचक, जि. सातारा