मंत्रिमहोदय, किनाऱ्यावरचा तो फळा कुठं आहे?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. गेल्या वर्षी कोकणात पर्यटक बुडाले तेव्हा तुम्ही टीव्हीवर शब्द दिला होता, दिवाळीच्या आत प्रत्येक किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळांचा फळा लागेल. कार्तिकी पौर्णिमेला आम्ही घरचे सातजण तिथं गेलो. फळा नव्हता. पार्किंगच्या पावतीचे दर मात्र ठळक लिहिलेले होते.

सकाळी ८ ला आई आणि पोरगी शिंपले वेचत खडकावर गेल्या, मागोमाग मी. आईनं सत्तरीत पहिल्यांदा समुद्र पाहिला. पाणी समोर लांब होतं, नजर तिकडंच. ९ च्या सुमारास मागं वळलो तर खडक आणि वाळूच्या मधली घळ कमरेएवढी भरलेली. तासाभरापूर्वी तिथून चपला न भिजवता आलो होतो! पोरीला खांद्यावर घेतलं, तेवढ्यात आईचा पाय शेवाळावरून सटकला. खुबा मोडला. एका कोळीदादानं दोर टाकला म्हणून तिघं जिवंत आहोत. आई अजून खाटेवर आहे. कुस बदलताना ती ओरडते, ते मला शेतातल्या आखाड्यापर्यंत ऐकू येतं.

कोळीदादा म्हणाला, "आज पुनवेचं उधाण, कुणी सांगितलं नाय?" कोण सांगणार? पुनव-अवसेला चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते, पाणी सगळ्यात जास्त चढतं. अष्टमीला भांग, म्हणजे कमी. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. तिथीची पाऊणपट केली की अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला ३ ला भरती, ९ ला ओहोटी. आणि पाणी सारखं चढत नाही, सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच निम्मं चढतं. आम्ही नेमके तेव्हाच खडकावर. हे सगळं मला दवाखान्याच्या बाकड्यावर कळलं. पोरीनं भूगोलाच्या पेपरात चंद्राची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क घेतलेत, पण किती वाजता पळायचं ते तिला कुणी शिकवलं नाही.

जायकवाडीचं पाणी सोडायचं तर आमच्या गोदाकाठाला आधी इशारा येतो. पाऊस कधी पडेल हे नक्की कुणाला सांगता येत नाही, तरी येतो. समुद्राचं वेळापत्रक भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभर आधी छापतो. मग ते वाळूपर्यंत का पोचत नाही? तुमच्या राज्यात सगळं पंचनाम्यापासून सुरू होतं, साहेब. गारपीट झाली, पंचनामा. विहिरीत पोर पडलं, पंचनामा. आधी सांगायला कुणाचाच पगार नाही काय?

मला मदतनिधी नको. एक काळा फळा, खडू, आणि रोज सकाळी दोन भरत्या, दोन ओहोट्यांच्या वेळा लिहिणारा एक माणूस द्या. पुढच्या पौर्णिमेला मी त्याच घळीपाशी येऊन बघणार आहे.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक शेतकरी