दुकानाचा पत्ता मिळणार नाही

मुलुंड,
रविवार

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. रेवाच्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू आणायचं, तेही दिवाळीआधी, आणि "तुला त्यातलं कळतं" म्हणून दुकानाचा पत्ता मला विचारतोस! नाही मिळणार. तू भटक्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतून घे. आणि पिल्लू नको, तीन-चार वर्षांचा गावठी कुत्रा घे. इथे तू खवळणार हे ठाऊक आहे, म्हणूनच फोन न करता लिहितोय. मध्ये बोलता येणार नाही तुला.

तुम्ही दोघं सकाळीच लोकल पकडता. काकू गुडघ्यांमुळे खाली उतरणं टाळतात. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते. ती कोण पुसणार? दात शिवशिवायला लागले की त्याला चप्पल, चार्जर आणि रेवाची बोटं सारखीच. लसींचं वेगळंच. पहिली दीड-दोन महिन्यांचं असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. तोवर त्याला खाली रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्हो नावाचा संसर्गजन्य आजार. उलट्या, रक्ताची हगवण, आणि उपचार वेळेत झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत पिल्लू हातातून जातं. पोरीला भेट म्हणून द्यायची ही गोष्ट नव्हे.

मोठ्याचं हे सगळं बहुधा उरकलेलं असतं. नसबंदी झालेली, स्वभाव कळलेला. आमची ठमी आली तेव्हा तिच्या कानाचा कोपरा कापलेला होता. आई हळहळली, कुणी मारलं गं हिला? तिला सांगितलं, नसबंदी झाल्याची खूण आहे ती. ठमी सुरुवातीला वॉशिंग मशीनमागे बसून असायची. दहीभात पुढे ठेवला तरी ढुंकून बघायची नाही. रात्री दिवे मालवले की ताटली सरकल्याचा आवाज यायचा. आम्ही हाकाही मारल्या नाहीत. एके दिवशी आई लसूण सोलत बसली होती, तर आपणहून येऊन तिच्या पायाशी पसरली. तुझ्याकडेही असंच होईल, फक्त रेवाला आधी समजावून ठेव. पहिल्याच दिवशी मिठी मारायला गेली तर कुत्रा गुरकावणारच.

संस्थेच्या शेल्टरमध्ये गेलास की एकदम पन्नास भुंकतील. घाबरू नकोस, पिंजऱ्यात भुंकणारा घरात तसाच असेल असं नाही. फोटो बघून ठरवू नकोस, पिंजरे धुणाऱ्या माणसाला विचार. कोण लहान मुलांना सांभाळून घेतो, कोण जेवताना जवळ येऊ देत नाही, त्याला सगळं पाठ असतं. फॉर्म भरून घेतात, घर बघायला येतात, भाड्याचं असेल तर मालकाची संमती मागतात. चिडू नकोस. सुट्टी लागली की कुत्रं परत आणून सोडणारे त्यांनी खूप पाहिलेत.

वहिनींना मांजर हवंय म्हणालास. चालेल की, पण आधी सगळ्या खिडक्यांना जाळी. तुमच्या चौदाव्या मजल्यावर कबुतरं येऊन बसतात आणि मांजर झेप घेताना मजला मोजत नाही.

सेक्रेटरी कुरकुरला तर अ‍ॅनिमल वेलफेअर बोर्डाच्या 2015च्या सूचना दाखव. ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही. पालिकेचा परवाना मात्र काढ. रेबीजची लस दरवर्षी, आणि डॉक्टरांना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीचंही विचार. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी कसं तुंबतं ते तुला सांगायला नको. घरचा डॉक्टर मिळेपर्यंत परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. आणि काकूंना सांग, सत्यनारायणाचा शिरा लाडाने भरवायचा नाही. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. कांदाही बंद.

राहता राहिला मुहूर्त. दिवाळीच्या तोंडावर आणूच नकोस. नवीन घर, वर फटाके. दार किलकिलं राहिलं तरी कुत्रा जिना उतरून पसार होतो आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. वाढदिवसाला रेवाला पट्टा आणि ताटली दे, कुत्रा तुळशीच्या लग्नानंतर. तोवर शनिवारी तिला घेऊन शेल्टरमध्ये जात जा, तिलाच निवडू दे.

पुढच्या शनिवारी मी मोकळा आहे. आधार कार्डाची झेरॉक्स घे आणि वहिनींनाही आण, फॉर्म भरताना घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का ते विचारतात.

तुझा,
मंद्या